बाईंचं अर्थशास्त्र आणि आमची रोवणी

बी.ए.च्या पहिल्या वर्षाचे सगळे विषय मी काढले, फक्त सूक्ष्म अर्थशास्त्राने मला धरून ठेवलं. निकालावर त्या एका विषयापुढे सप्लिमेंटरी असं लिहून आलं. दोष माझा नाही, असं मी गावभर सांगत सुटले. मास्तर हिंदीत शिकवतात, पुस्तक त्याहून कडक हिंदीत आहे, आणि ‘सीमांत उपयोगिता ह्रास नियम’ हे चार शब्द एका दमात म्हणणाऱ्याला तसंच पास करायला हवं. खरं सांगायचं तर पुस्तक मी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडलं होतं.

आमचं गाव मध्य प्रदेशातलं, रामपायलीच्या पुढे, खैरलांजीच्या वाटेवर. कॉलेजसाठी मी बालाघाटला एक खोली भाड्याने घेऊन राहायचे. माझं रडगाणं ऐकून ऐकून घरमालकीण कंटाळली आणि एक दिवस म्हणाली, “चर्चच्या मागे एक रिटायर मॅडम राहतात. जन्मभर हाच विषय शिकवलाय त्यांनी. पैसेही घेत नाहीत. फक्त त्या येशूच्या बाजूने शिकवतात म्हणे.” अर्थशास्त्रात येशूची बाजू कोणती ते मला कळेना. पण मला पासापुरती कोणतीही बाजू चालणार होती.

आईला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, “जेवू घालते का वं ते बाई?”

“हौ. न जेवता उठूच नाई देत म्हणतात.”

“मंग जाय.”

बाई सत्तरीच्या होत्या. माहेर नागपूरकडचं, त्यामुळे मराठी बोलायला मिळाली की खूश व्हायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाल्या, “प्रभू, ह्या पोरीच्या डोक्यात मागणीचा वक्र घाल, आणि मला राग येऊ देऊ नकोस.” मी एक डोळा उघडा ठेवला होता. त्यांनीही ठेवला होता.

त्यांची रीत अशी, की प्रत्येक नियमाला दोन प्रश्न विचारायचे. हे खरं आहे का? आणि हे बरं आहे का? “माणूस कसा वागतो ते पुस्तक सांगतं,” त्या म्हणायच्या. “कसा वागावा ते पुस्तकाला विचारू नकोस, ते त्याचं काम नाही. पण परीक्षेत पहिलंच लिही हां. दुसऱ्याला मार्क नाहीत.”

त्या चार अवघड शब्दांचा नियम त्यांनी मला आलुबोंडे खाऊ घालून शिकवला. पहिला मी कसा खाल्ला ते मलाच कळलं नाही. तिसरा बरा लागला. पाचव्याला मी पाणी मागितलं. सहावा समोर आला तेव्हा बाई म्हणाल्या, “आता सांग, ह्याची किंमत तुझ्या लेखी किती?” मी म्हटलं, काहीच नाही, उलट तुम्ही मला पैसे द्या. “शाब्बास. नियम खरा आहे,” असं म्हणून त्यांनी तो सहावा उचलला आणि स्वतः खाल्ला. त्या सकाळपासून उपाशी होत्या. “बघ, तुझ्यासाठी सहावा तो माझ्यासाठी पहिला. पुस्तक म्हणतं माणसाच्या गरजांना अंत नाही. मी म्हणते अंत नाही खरा, पण पाचव्या आलुबोंड्यानंतर माणसाने शेजारी बघावं.” मला तो नियम आजही तोंडपाठ आहे. त्या दिवशी पोट मात्र रात्रीपर्यंत दुखलं.

असं आमचं चालायचं. सगळं देवाचं आहे, आपण मालक नाही, कारभारी आहोत, हे त्या रोज सांगायच्या. रविवारी त्या शिकवत नसत. मी त्यांना म्हटलं, एका रविवारची संधी किंमत म्हणजे माझं बुडालेलं एक अख्खं प्रकरण. तर म्हणाल्या, “हो, तेवढी महाग सुटी आहे म्हणूनच ती देवाला दिलीय. फुकटची वस्तू कोण देतं देवाला?” त्यांच्या बायबलात शेताचे कोपरे कापायचे नसतात, गरिबासाठी सोडायचे असतात, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, त्यात काय, आमच्याकडेही कापणीनंतर सरवा वेचू देतात, पडलेल्या लोंब्या काय कोणी मोजतं? बाईंना सरवा हा शब्द माहीत नव्हता. त्यांनी तो वहीत लिहून घेतला. बाईंनी माझ्याकडून काही लिहून घ्यावं, ह्याचा मला फार अभिमान वाटला, आणि तिथूनच माझं डोकं फिरायला लागलं.

जुलै लागला तेव्हा आम्ही मजुरीच्या प्रकरणावर आलो होतो. त्या दिवशी बाईंनी येशूची एक गोष्ट सांगितली. द्राक्षमळ्याचा एक मालक सकाळी मजूर लावतो, दुपारी आणखी लावतो, दिवस मावळायला तासभर उरलेला असताना आणखी लावतो. आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच, पूर्ण दिवसाची मजुरी देतो. सकाळपासून राबलेले कुरकुरतात.

“कुरकुरतीलच,” मी म्हटलं. “दुसऱ्या दिवशी सकाळी कोण येईल त्याच्याकडे? सगळे संध्याकाळीच येतील. मजुरी सीमांत उत्पादनाइतकी हवी, ज्याने जेवढं काम वाढवलं तेवढीच. तुम्हीच तर शिकवलंत.”

बाई चिडतील असं वाटलं होतं. त्या हसल्या. “मी चाळीस वर्षं ह्या गोष्टीशी भांडतेय, बेटा. तू भाताच्या रोवणीला घरी जाणार ना? तुमच्याकडच्या बाया मजुरी कशी घेतात ते बघून ये.”

त्यांनी बघायला सांगितलं होतं. मी मोजायचं ठरवलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणं म्हणतात ते हेच.

घरी त्या वर्षी वेगळंच संकट होतं. बाबा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरले होते आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. खाटेवर बसून ते सगळ्यांना हुकूम सोडायचे आणि कोणीच ऐकत नाही म्हणून रेडिओवर राग काढायचे. रोवणीचा सगळा भार आईवर होता. आमच्याकडे भाताचे पऱ्हे आधी एका कोपऱ्यात वाढवतात, मग ती रोपं उपटून, मुठे बांधून, चिखल केलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, रोवतात. एकदा मुठे उपटले आणि चिखल झाला की थांबता येत नाही. रोपं पिवळी पडतात, चिखल आवळतो. वर्षाचं धान त्या तीन-चार दिवसांवर असतं. रोवणीला बारा बायांची एक टोळी दरवर्षी यायची. टोळीची मुखिया होती, तिला सगळे काकी म्हणायचे. संध्याकाळी बारा जणींचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, काकी एकरकमी घ्यायची आणि धुऱ्यावर बसून सारखा वाटायची. 

पहिल्या दिवशी मी बांबूची एक काठी घेऊन धुऱ्याधुऱ्याने फिरले. कोणी किती पट्टा रोवला ते काठीने मोजायचं आणि वहीत लिहायचं. बाया खो-खो हसत होत्या. “काय मोजून राह्यली वं? आमची कंबर मोजतं का?”

अकरा जणींचे पट्टे कमी-जास्त पण ठीक होते. बारावी होती बुढी माय. ती टोळीत सगळ्यांत म्हातारी. दिवसभर ती पऱ्ह्यात बसून रोपं उपटायची, मुठे बांधायची आणि रोवणाऱ्यांच्या मागे एकेक करून टाकायची. बाया उलट्या पावली रोवत मागे सरकतात, त्यांचा हात मागे गेला की मुठा तिथे असायचाच. दुपारनंतर ती तासभर रोवायला उतरायची. माझ्या वहीत तिच्या नावापुढे दीड काठी आली.

त्या संध्याकाळी मी आईला आलेख काढून दाखवला. उतरती रेघ. “हे पाय. बाराव्या बाईनं दीड काठी रोवलं आन रोज पूर्ण घेतला. अकरा आणल्या तरी तेवढंच काम होते. एक रोज वाचते.”

आईला आलेख कळला नाही, पण पोरगी शिकून आली आणि रेघ काढून सांगते आहे, ह्याचंच तिला कौतुक. बाबा खाटेवरून म्हणाले, “काही करू नको. तिच्या नादी लागू नको.” पण त्या महिन्यात त्यांचं कोणी ऐकतच नव्हतं. काकी आमच्या दारावरून घरी निघाली तेव्हा आईने तिला मऊ आवाजात सांगितलं, “काकी, उद्या अकराच जनी या. बुढीले आराम करू द्या.”

काकी फक्त “बरं” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीच आलं नाही. सात वाजले, आठ वाजले. मुठे पाण्यात उभे होते, दोन बांध्यांत ताजा चिखल करून ठेवला होता. आईने काकीला फोन लावला, उचलला नाही. दहा वाजता शेजारचा सांगून गेला, की टोळी नाल्यापलीकडच्या शेतावर उतरली आहे. पूर्ण बारा.

आई पाण्यात उतरली. ती एकेक मुठा सरळ करत राहिली, आणि मला ते तिच्या शिव्यांपेक्षा वाईट वाटलं. आसपासच्या सगळ्या टोळ्या कुठे ना कुठे लागलेल्या होत्या. बाबा प्लास्टरचा पाय खाली टाकून उठायला बघत होते. वर्षाचं धान मी एका रेघेने बुडवायला निघाले होते. एक रोज वाचवायला.

मी बाईंना फोन केला आणि चक्क रडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मास्तरणीच्या आवाजात विचारलं, “सीमांत उत्पादन म्हणजे काय? व्याख्या सांग.”

“बाई, इथे रोवणी बुडतेय आणि तुम्ही—”

“सांग.”

“एक मजूर कमी केला तर जेवढं उत्पादन कमी होईल ते.”

“एक म्हणजे कोणता?”

मी वहीत बुढी मायची ओळ शोधायला लागले.

“कोणताही, बेटा. बारापैकी कोणतीही एक. बारावी बुढी माय हे पुस्तकात कुठे लिहिलंय? ते तू ठरवलंस. शिवाय ती मुठे टाकायची थांबली तर बाकीच्या अकरा जणी दर पाच मिनिटांनी उठून मुठे आणायला जातील. ते तुझ्या काठीने मोजलं का? सप्लिमेंटरीत असं लिहिलंस तर पुन्हा नापास.” मग आवाज खाली आला. “हे झालं खरं काय ते. बरं काय ते तुला कळतंच. जा आणि माफी माग. त्याला आलेख लागत नाही.”

मी सायकल काढली. नाल्यापलीकडच्या बांधीत बाया रांगेत वाकलेल्या होत्या. मी धुऱ्यावर उभी राहिले तरी एकीनेही मान वर केली नाही. शेवटी मीच बोलले, जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “काकी, चुकलं माझं. आईचं नाई, माझं. मीच सांगतलं होतं.”

काकी रोवता रोवताच म्हणाली, “आमी बारा हाओ, बाई. आमच्यातली कोनी बाळंतीन झाली, कोनाले ताप आला, तरी बारा. कधी काळी आमीबी बुढ्या होऊ. येऊ तं बारा येऊ, नाई तं एकबी नाई.”

“बाराच या. हात जोडते.”

मग मी बुढी मायजवळ गेले. ती मुठे बांधत होती. माझे डोळे भरून आले. तीच म्हणाली, “काहून रडतं वं? मले तं वाटलं होतं सुट्टी भेटली, आता दिवसभर झोपतो. ह्या रांडा झोपू कुठी देतात!” सगळी रांग हसली, आणि मीही नाक पुसत हसले.

पण त्या शेताला शब्द दिलेला होता. उद्याचा दिवस तिथेच जाणार होता, परवा येऊ, काकी म्हणाली. आणि एक अट घातली. “परवा आमी दोन दिवसाचं काम एका दिवसात करू. पन तू काठी घरी ठेव आन रांगेत उतर. आमाले मोजलं, आता आमच्यासंग रोव.”

दीड दिवस मी आणि आई मुठ्यांना सावली करत होतो. बांधीतलं पाणी राखत होतो. टोकं थोडी पिवळी पडली, बाकी जगली.

ठरल्या दिवशी उजाडायच्या आत टोळी आली आणि मी रांगेत उतरले. शेतकऱ्याची मुलगी असून मी कधी पूर्ण दिवस रोवलं नव्हतं, आई मला कायम शाळेकडे ढकलायची. पहिल्या अर्ध्या तासात माझी कंबर माझी राहिली नाही. माझी रोपं वाकडी यायची. नुसती वाकडी नाही, थोड्या वेळाने ती उपटून वर यायची आणि पाण्यावर तरंगायला लागायची. शेजारची बाई आपलं सोडून माझी तरंगणारी रोपं पकडून पुन्हा रोवायची. पुस्तकात एक जागा येते, जिथे मजूर वाढवला की उत्पादन वाढण्याऐवजी घटतं. मास्तर म्हणायचे, प्रत्यक्षात असा मजूर कोणी ठेवत नाही. मी त्या जागी गुडघाभर चिखलात उभी होते.

बाया मला चिडवायचं काही बाकी ठेवत नव्हत्या. “कॉलेजचं भात हाय ते, पोहून राह्यलं पाय!” दुपारी बुढी मायने माझा हात धरून दाखवलं, की अंगठा आणि दोन बोटांत रोप धरून मूळ कसं खाली दाबायचं, आणि बोटं बाहेर काढताना चिखल कसा बुजवायचा. त्यानंतर माझी निम्मी रोपं उभी राहायला लागली. मला इतका आनंद पास होऊनही झाला नसता.

दिवस मावळता मावळता शेवटची बांधी रोवून झाली. हिरवी टोकं पाण्यावर नीट रांगेत होती, माझा भाग सोडून. बाबांना शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसवून आणलं, त्यांनी धुऱ्यावरून बघितलं आणि म्हणाले, “तो वाकडा पट्टा कोनाचा?” बाया माझ्याकडे बघून हसल्या.

आई पैसे घेऊन आली. काकी धुऱ्यावर बसली आणि म्हणाली, “तेरा रोज द्या.”

“तेरा?” आई म्हणाली. “बारा ना?”

काकीने माझ्याकडे बोट केलं.

“ते तं माझी पोरगी हाये!”

“तुमची पोरगी घरी. बांधीत उतरली तं आमच्या टोळीतली.”

आईने माझ्याकडे बघितलं, काकीकडे बघितलं, आणि पदराच्या गाठीतून आणखी एक रोज काढून दिला. काकीने तेरा सारखे वाटे केले. माझा वाटा बुढी मायच्या हातात दिला आणि तिने तो माझ्यापुढे धरला. माझे हात चिखलाने भरलेले होते, मी मागे केले.

“मी घेऊ नाई शकत. मी काहीच केलं नाई. उलट तुमचं काम वाढवलं.”

“हौ, पाह्यलं आमी,” बुढी माय म्हणाली.

“मंग काहून देता?”

“आली ना तू?” एवढंच म्हणून तिने पैसे माझ्या मुठीत कोंबले, आणि बाया आपापली भांडी उचलून चालायला लागल्या.

बाईंशी मी द्राक्षमळ्याच्या त्या गोष्टीवरून किती भांडले होते. सकाळी कोण येईल, असं विचारत होते. सकाळी तेरा जणी आल्या होत्या आणि त्यातली सगळ्यांत निकामी मी होते. मला लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळे मी धुऱ्यावर बसून वेड्यासारखी हसत राहिले.

जेवताना आईने हात पुढे केला. “आन तो रोज इकडे. घरातलाच पैसा हाये. तुलेच मजुरी देऊन मी काय शायनी झाली का?”

बाबा म्हणाले, “बरोबर हाये, दे.”

मी दिला नाही. ती माझी मजुरी होती.